फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं काम देतोय, कॉन्ट्रॅक्टरकडून कागदावर नक्की काय काय लिहून घ्यायचं?

मृणाल_ठाणे

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण रविवारी ॲडव्हान्स द्यायचा ठरलाय. ठाण्यात रिसेलचा टू बीएचके घेतलाय, बिल्डिंग १९९८ ची, कार्पेट ६४० स्क्वेअर फूट. सध्या भाड्याने राहतोय, महिन्याला ३२ हजार जातात, त्यामुळे काम लवकर संपून राहायला जायचंय. ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, माणूस बोलायला चांगला आहे, दोन साइट पण दाखवल्या त्याने. पण कोटेशन म्हणून व्हॉट्सॲपवर जे पाठवलंय ते एवढंच आहे, जसंच्या तसं देते:

"दोन बाथरूम तोडून नवीन. किचन ओटा व ट्रॉली. दोन वॉर्डरोब. हॉलला फॉल्स सीलिंग. पूर्ण घर पेंट. इलेक्ट्रिक नवीन. हॉल किचनमधली भिंत काढणे. मटेरियल ए वन क्वालिटी, प्लाय नामांकित कंपनीचा किंवा तत्सम. एकूण ११,५०,००० फक्त. ५० टक्के ॲडव्हान्स."

मी म्हटलं याचं ॲग्रीमेंट करूया तर म्हणाला मॅडम आम्ही पंधरा वर्षं शब्दावर कामं करतो, कागद कशाला. सासऱ्यांचं पण तेच म्हणणं, त्यांच्या वेळी मिस्त्रीला नारळ दिला की काम सुरू. मला मात्र रात्री झोप लागत नाहीये, कर्ज काढून घर घेतलंय आणि हे साडेअकरा लाख म्हणजे आमच्याकडची उरलेली सगळी शिल्लक आहे. कागद करायचाच आहे हे पक्कं, पण त्यात काय काय असावं, ॲडव्हान्स किती द्यावा, आणि तो नाही म्हणाला तर काय, प्लीज सांगा.

साइटवाला

ताई, मी वीस-बावीस वर्षं मुंबई-ठाण्यात साइट सुपरवायझर आहे, म्हणजे तुम्ही ज्याला काम देताय त्याच्याच बाजूचा माणूस समजा. आधी एक सांगतो, रविवारी पैसे देऊ नका. आठवडा गेला तर भाड्याचे सात-आठ हजार जातील, ते जाऊ द्या.

या पानावर आकडा आहे पण मोजमाप कुठेच नाहीये. माझ्या बघण्यात जेवढी भांडणं झाली त्यातली निम्म्याहून जास्त मोजमापावरनं झालीत. रंगाचं उदाहरण घ्या. बेडरूम १० बाय १२ ची, मालक डोक्यात १२० स्क्वेअर फूट धरून बसतो. उंची साडेनऊ फूट धरली तर चार भिंतींचे होतात ४१८, छताचे १२०, म्हणजे ५३८ स्क्वेअर फूट. आता दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा करायचे का? कोणी करतो, कोणी म्हणतो चौकटीच्या कडा पण रंगवायच्या असतात म्हणून वजा नाही. दोन्ही चालतं, पण कुठलं ते आधी ठरलं पाहिजे, बिल आल्यावर नाही. आणि "पेंट" म्हणजे काय ते पण लिहायचं, जुना रंग घासून काढणार का, पुट्टीचे किती हात, प्रायमर आहे का, रंगाचे किती हात, कुठला रंग, म्हणजे कंपनी आणि त्यातला प्रकार, कारण एकाच कंपनीच्या रंगात स्वस्तातला आणि महागातला यात दुप्पट-तिप्पट फरक असतो.

वॉर्डरोबचं माप समोरून घेतात, ७ बाय ८ चा असेल तर ५६ स्क्वेअर फूट. वरचा लॉफ्ट त्यात आहे की वेगळा? आतून लॅमिनेट आहे की नुसता रंग मारणार? ड्रॉवर किती? मागची फळी ६ एमएमची की १२ ची? फॉल्स सीलिंगला प्लॅनमधलं माप धरणार की ती उभी पट्टी असते लाइट लपवायला ती रनिंग फुटात वेगळी लावणार? ओट्याच्या ग्रॅनाइटची कड गोल करून घेणं आणि सिंकचं कटिंग रेटमध्ये धरलंय का? हे सगळं मोघम ठेवलं की शेवटच्या बिलात "एक्स्ट्रा" म्हणून येतं आणि तेव्हा तुमचं सामान हॉलमध्ये येऊन पडलेलं असतं, तुम्ही नाही म्हणू शकत नाही.

"किंवा तत्सम" हे दोन शब्द खोडून टाका. नामांकित कंपनी पण पाच प्रकारचा प्लाय बनवते. प्रत्येक शीटवर शिक्का असतो, त्यावर आयएसआयचा मार्क, लायसन्स नंबर आणि आयएसचा नंबर. आयएस ३०३ म्हणजे नेहमीचा, त्यातही एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (पाणी जास्त सोसणारा) असे दोन, पैकी एमआरला पाणी लागलं की फुगतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, ओट्याखाली आणि सिंकखाली हाच लावा. कागदावर कंपनी, ग्रेड, जाडी तिन्ही लिहा, आणि शीट साइटवर उतरली की कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढा. कापल्यावर लॅमिनेट चढलं की आत काय आहे ते कोणाला कळत नाही, आम्हाला पण नाही.

वायरिंगचं पण तसंच. लाइटला दीड, प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएम असं आकड्यात लिहून घ्या, वायर एफआर (आग पसरू न देणारी) आहे की एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी) ते लिहा, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवायची हे पण लिहा. प्रत्येक खोलीत किती पॉइंट ते प्लॅनवर खुणा करून दोघांनी सही करा, कारण पॉइंट वाढला की पैसे वाढतात आणि घरात राहायला येईपर्यंत दहा-बारा पॉइंट सगळ्यांचेच वाढतात.

बाथरूमसाठी मी हात जोडून सांगतो. क्रम लिहून घ्या. तोडफोड, जुना कोबा पूर्ण काढणं, नवीन पाइप, भिंत बुजवायच्या आधी पाइपची पंपाने प्रेशर टेस्ट, मग वॉटरप्रूफिंगचा कोट, मग नळीची तोंडं बंद करून पाणी भरून ४८ तास ठेवणं, खालच्या घरात जाऊन छत बघणं, आणि मगच कोबा आणि टाइल. घाई असली की पाणी भरून ठेवायचं हेच पहिलं गाळलं जातं. बाथरूमचा हप्ता त्या ४८ तासांनंतरच द्यायचा, तसं लिहा. आणि काम सुरू व्हायच्या आधी खालच्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढून ठेवा, नाहीतर तिथला दहा वर्षांचा जुना डाग तुमच्या नावावर लागेल.

पैशांचं म्हणाल तर शून्य ॲडव्हान्सवर कोणी येणार नाही आणि यायची अपेक्षाही ठेवू नये, त्याला लेबर उभं करायचं असतं, टेंपो आणायचा असतो. पण ५० टक्के म्हणजे फार झालं. मी माझ्या भावाला जे सांगेन तेच सांगतो: सुरुवातीला १० टक्के, म्हणजे १,१५,०००. बाथरूमची पाण्याची टेस्ट झाली की २०. वायरिंग-प्लंबिंग होऊन भिंती बंद झाल्या की १५. टाइल आणि सीलिंग झालं की २०. वॉर्डरोब-किचनचे बॉक्स उभे राहिले की १५. शटर, रंग, फिटिंग झालं की १०. आणि शेवटचे १० टक्के हातात ठेवायचे, राहायला गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, दारं घासतात, नळ गळतो असलं सगळं दुरुस्त करून दिल्यावर. प्लाय-टाइल्सचे पैसे लागतील असं तो म्हणाला तर दुकानदाराला थेट तुम्ही द्या, बिल तुमच्या नावाने घ्या.

भिंतीबद्दल दुसरं कोणीतरी लिहीलच, पण ती वीट-भिंत आहे की आत कॉलम आहे ते कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी सांगण्यावर मानू नका.

कुर्ल्याचा_दादा

भिंतीवरच लिहितो. घाटकोपरची सिद्धी साई इमारत जुलै २०१७ मध्ये पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं आणि खांबांना हात लावला असा आरोप झाला होता. आम्ही तिथून लांब राहत नाही, तो दिवस अजून आठवतो. तेव्हापासून आमच्या सोसायटीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र असल्याशिवाय एक वीट काढू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

मृणालताई, तुमची बिल्डिंग पंचवीस वर्षांच्या पुढे गेली, म्हणजे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला पाहिजे. सेक्रेटरीकडे शेवटचा रिपोर्ट मागा. झालाच नसेल तर तेही कळेल. इंजिनिअरची फी तुम्ही भरा आणि माणूस तुम्ही निवडा, कॉन्ट्रॅक्टरचा "आपला इंजिनिअर" नको. आणि कागदावर लिहा की लेखी परवानगी नसताना बीम, कॉलम, स्लॅब याला कुठेही खाच मारणार नाही. पाइप न्यायला बीमला भोकं पाडणारे मी डोळ्यांनी बघितलेत.

अजून एक, सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे का ते नीट विचारा. ठाण्यात त्या काळातल्या बऱ्याच सोसायट्यांत चालू आहे. दोन-तीन वर्षांत बिल्डिंग जाणार असेल तर साडेअकरा लाख कशाला घालताय, बाथरूम आणि वायरिंग करा, बाकी रंग मारून राहा.

वैदेही_नाशिक

हे वाचून माझ्याच अंगावर काटा आला कारण आमचं अगदी असंच झालं. नाशिकचा फ्लॅट, नऊ लाखांचं काम, माणूस ओळखीचाच, मावसबहिणीच्या घराचं काम त्याने छान केलं होतं म्हणून आम्ही काहीच लिहून घेतलं नाही. दर शनिवारी तो यायचा आणि म्हणायचा लेबरला द्यायचेत, आणि आम्ही द्यायचो, चाळीस हजार, साठ हजार, एकदा एक लाख. म्हणजे आम्ही वार बघून पैसे देत होतो, काम बघून नाही. हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस सकाळी गेले तर पॅसेजमध्ये तिन्ही सुतार बसलेले, हत्यारांच्या पेट्या बांधलेल्या. त्यातला म्हातारा सुतार म्हणाला, भाभीजी पाच हफ्ते से पैसा नहीं मिला, हम गाव जा रहे हैं. मी त्यांना चहा करून दिला आणि त्याच स्टुलावर बसून रडले. आत बघितलं तर वॉर्डरोबचे सांगाडे उभे, शटर नाही, किचनच्या ट्रॉलीचे चॅनल पुठ्ठ्याच्या खोक्यात तसेच, एका बाथरूमला कमोडच्या जागी गोणपाट कोंबलेलं. आम्ही तोवर सहा लाख ऐंशी हजार देऊन बसलो होतो, आणि नंतर दुसऱ्या माणसाने काम बघून सांगितलं की जेमतेम पावणेपाचचं झालंय. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना.

आमच्या हातात काय होतं तर फक्त यूपीआयची नोंद. माझ्या नवऱ्याला सवय आहे, प्रत्येक वेळी पैसे पाठवताना खाली लिहायचं "बाथरूम टाइल", "सुतारकाम दुसरा हप्ता" असं. तेवढ्यावर आम्ही वकिलाकडून नोटीस पाठवली, आणि नोटिशीनंतर तो आला. दोन बैठका झाल्या, शेवटी दोन लाख पाच हजारांपैकी एक लाख चाळीस परत मिळाले. बाकीचं सोडलं. रोख दिलेले पस्तीस हजार तर हिशोबातच धरता आले नाहीत, काही पुरावाच नाही.

म्हणून माझ्याकडून दोन गोष्टी. रोख एक रुपया देऊ नका, चहापाण्याला दिलेत तर ते विसरून जायचे पैसे समजा. आणि कागदावर असं लिहा की पुढचा हप्ता घेताना कामगारांचे मागचे पैसे दिलेत हे तो दाखवेल. सुताराला, टाइलवाल्याला मधून मधून स्वतः विचारा, पैसे मिळाले का. ते खरं सांगतात.

मृणाल_ठाणे

वैदेही, वाचून खूप वाईट वाटलं, आणि इतकं सविस्तर लिहिलंस म्हणून मनापासून आभार. साइटवाला दादा, तुमचं पूर्ण उत्तर मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. रविवारचं पुढे ढकललं.

आज फोनवर बोलणं झालं तर आता म्हणतोय की बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा लागेल, बिल नको असेल तर ११,५० मध्येच करतो. म्हणजे नक्की किती होणार? आणि ॲग्रीमेंट स्टॅम्प पेपरवर लागतं का, शंभरचा चालतो का? उद्या काही झालं तर रेराकडे जाता येतं का?

अनघा_वकील

मी ग्राहक आयोगातली कामं बघते, त्यामुळे शेवटापासून सुरुवात करते. रेरा इथे लागू होत नाही, तो बिल्डर आणि खरेदीदार यांच्यातला कायदा आहे. तुमचा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जायचं, ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे आणि तुमच्यासारख्या दहा-वीस लाखांमधल्या कामाला काहीशे रुपये. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कॉन्ट्रॅक्टरच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं, ही पाळा, लोक "तो करतो म्हणालाय" यावर वाट बघत बसतात आणि मुदत घालवतात. त्याआधी १९१५ वर फोन करून राष्ट्रीय हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते, छोट्या रकमांना कधी कधी तिथेच सुटतं. ऑनलाइन दाखल करायचं तर ई-जागृती पोर्टलवर होतं. करारात त्याने लवादाचं कलम घातलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, तेवढ्यासाठी घाबरून सही अडवू नका.

जीएसटीचं असं आहे की अशा कामाला १८ टक्के लागतो. ११,५०,००० वर २,०७,००० होतात, म्हणजे १३,५७,०००. हा फरक लहान नाही, त्यामुळे "सगळं मिळून" या शब्दांत कर आहे की नाही ते अक्षरात लिहून घ्यायचं. आणि आधी त्याचा जीएसटी नंबर मागा. पंधरा आकडी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. नोंदणीच नसेल तर तो तुमच्याकडून कर घेऊ शकत नाही, आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तरीही बिलावर वेगळा कर लावता येत नाही. मी असे कॉन्ट्रॅक्टर बघितलेत की नंबर नाही पण बिलात १८ टक्के.

"बिल नको तर स्वस्त" हे मात्र घेऊ नका. कर चुकवणं हा भाग तर आहेच, पण बिल नाही म्हणजे तुम्ही ग्राहक होता याचा पहिला पुरावाच गेला. पुढे घर विकताना सुधारणेचा खर्च दाखवायचा झाला तरी बिल लागतं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं हे घेणाऱ्याला आयकर कायद्याने तसंही मना आहे, हे त्याला शांतपणे सांगून बघा.

स्टॅम्पबद्दल, शंभरचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान ५०० चा झाला. कामाची रक्कम मोठी असेल तर ड्युटी रकमेवर मोजली जाते, तेव्हा एवढ्या रकमेला किती बसते ते स्टॅम्प घेतानाच विचारून पूर्ण भरा, नंतर कोर्टात कागद दाखवताना कमी भरलेली ड्युटी आडवी येते. तोंडी करार कायद्याने अवैध नाही, सासरे म्हणतात त्यात तेवढं खरं आहे, पण तोंडी करार सिद्ध करायचा म्हणजे जीव जातो.

उशिराबद्दल एक. "उशीर झाला तर रोज पाच हजार दंड" असं लोक हौसेने लिहितात. करार कायद्याच्या ७४ कलमाखाली लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. म्हणून तुमचं भाडं ३२ हजार आहे ना, तोच हिशोब धरा, दिवसाला साधारण हजार-अकराशे, आणि कारण पण लिहा की घरभाडं भरावं लागतं म्हणून. असा आकडा टिकतो. सोबत हेही लिहा की तुमच्याकडून टाइल निवडायला उशीर झाला तर तेवढे दिवस वाढवून मिळतील. एकतर्फी कागदावर कोणी मनापासून सही करत नाही.

काम मधेच सोडलं तर काय हे कलम हवंच. किती दिवस साइट बंद राहिली की तुम्ही लेखी कळवून दुसऱ्याकडून काम करून घेऊ शकता, झालेलं काम कोण मोजणार, साइटवर पडलेलं मटेरियल कोणाचं. मी दहा-बारा दिवस लिहिते. मजुराला साइटवर इजा झाली तर जबाबदारी त्याची, आणि त्याने कामगारांचा विमा काढलाय का त्याची प्रत. खालच्यांच्या घरात गळती झाली तर खर्च कोणाचा. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षं, आणि ती कंपनीच्या रंगीत कार्डावर नको, त्याच्या सहीने हवी.

आणि चॅट डिलीट करू नका, फोन बदललात तरी जुना फोन जपून ठेवा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. फोनवर काही ठरलं की लगेच एक ओळ टाइप करायची, "आत्ता बोललो त्याप्रमाणे लहान बाथरूमला भिंतीच्या टाइल छतापर्यंत, जादा खर्च इतका." त्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी पुष्कळ आहे.

पराग_सिडनी

मी इकडे न्यू साउथ वेल्समध्ये आहे, आईचा कोथरूडचा फ्लॅट मागच्या वर्षी इथून करून घेतला म्हणून लिहितोय. इथे कायद्यानेच ठरलंय की घराच्या कामाला ठेकेदार सुरुवातीला १० टक्क्यांच्या वर घेऊ शकत नाही, पाच हजार डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतोच, आणि वीस हजारच्या वर असेल तर सही केल्यावरही पाच कामाचे दिवस मागे फिरता येतं. आपल्याकडे असं काही आखून दिलेलं नाही, म्हणून तो १० टक्क्यांचा आकडा आपणच कागदात घालायचा. साइटवाला यांनी सांगितलेला आकडा आणि इथला कायदा एकच निघाला हे बघून बरं वाटलं.

आईचं वय पंच्याहत्तर, ती साइटवर जाऊन भांडू शकत नव्हती. आम्ही करारातच लिहिलं होतं की भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो पाठवायचा, पाइप-वायरच्या शेजारी मोजपट्टी धरून, फरशीपासून किती वर आणि कोपऱ्यापासून किती लांब ते दिसेल असा. फोटो नाही तर हप्ता नाही. पहिल्या आठवड्यात तो माणूस वैतागला, नंतर त्याला पण सवय झाली. यंदा मे महिन्यात आईने गिझरसाठी ड्रिलवाला बोलावला, त्याच्याकडे तो फोटो दिला, आणि पाइप दीड इंचावर होता. फुटला असता.

सोसायटीच्या बाबतीतही आधी बोलून घ्या, कामाच्या वेळा, दुपारची शांतता, रविवार बंद, लिफ्टमधून राडारोडा न्यायचा की नाही, डिपॉझिट किती आणि परत कधी. ते सगळे नियम कराराला जोडा. आमच्याकडे दुपारी २ ते ४ तोडफोड बंद होती, ते कॉन्ट्रॅक्टरला आधी सांगितलं नव्हतं आणि त्याने तीस दिवस मागितलेलं काम पन्नासवर गेलं, त्यात त्याचीही चूक नव्हती. राडारोड्याचे टेंपो किती आणि कोणाच्या खर्चाने हे पण लिहा, पुण्यात आम्हाला सहा टेंपो लागले.

साइटवाला

परागभाऊंचा मोजपट्टीचा फोटो एकदम बरोबर, मी आता माझ्या पोरांना पण सांगतो. अनघाताईंनी "मटेरियल कोणाचं" लिहिलंय ते पण विसरू नका, काम मोडलं की रात्रीतून प्लाय उचलून नेतात.

मृणालताई, तो कागदाला नाही म्हणाला तर एवढंच सांगा, दादा तुमच्यावर अविश्वास नाही, उद्या तुमचा सुपरवायझर बदलला किंवा आमच्या घरात कोणी आजारी पडलं तर दोघांनाही कळावं काय ठरलं होतं. चांगला माणूस असेल तर सही करेल, कारण त्याचे पण पैसे बुडतात हो, मालक शेवटच्या हप्त्याला फोन उचलत नाहीत असे पण भरपूर आहेत. कागदावर तुमची तारीख पण टाका, काम झाल्यावर किती दिवसांत तुम्ही पैसे देणार ती.

मृणाल_ठाणे

सगळ्यांना अपडेट देते. काल संध्याकाळी तो घरी आला, मी आणि सासरे दोघं बसलो होतो. मी साइटवाला दादांचं वाक्य जवळपास तसंच म्हटलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला मॅडम लिहून देतो पण १० टक्क्यात जमणार नाही, १५ करा. वैदेहीचा अनुभव सांगितला तर स्वतःच म्हणाला की प्लाय आणि टाइल तुम्ही थेट दुकानात भरा, मला त्याची झंझटच नको. तेव्हा १५ वर आम्ही हो म्हटलं.

जीएसटी नंबर दिला, साइटवर टाकून बघितला, नाव जुळलं, नोंदणी चालू आहे. पण कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे अनघाताईंनी सांगितलं तसं वेगळे १८ टक्के लावता येत नाहीत. हे दाखवल्यावर म्हणाला ठीक आहे, ११,५० मध्येच बिल देतो. दोन लाख सात हजार वाचले, ताई, तुम्हाला कसं सांगू.

भिंतीचं मात्र थांबवलंय. सोसायटीत शेवटचं ऑडिट २०१९ चं निघालं, सेक्रेटरी म्हणाले नवीन करायचंच आहे. त्या भिंतीच्या हॉलकडच्या टोकाला भिंत जरा जाड लागते हाताला, तिथे कॉलम असेल असं सासरेच म्हणाले. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत तो आयटमच करारातून काढलाय. रीडेव्हलपमेंटचं विचारलं, अजून काही नाहीये.

मोजमाप बाकी आहे. शनिवारी दुपारी तो टेप घेऊन येतोय, खोलीगणिक मापं मी वहीत लिहिणार आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. रंगात दार-खिडकी वजा करायची असं ठरलंय. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलले, त्यांनी बाथरूमच्या छताचे फोटो काढू दिले, गिझरच्या वर एक जुना पिवळा डाग आहे. काकूंनाच विचारून त्या फोटोवर तारीख टाकून त्यांना पण पाठवून ठेवला.

साइटवाला

डागाभोवती पेन्सिलने कड काढून ठेवा, काकूंच्या परवानगीने. नंतर वाढला की नाही ते लगेच दिसेल.